न वापरलेल्या तराजूचा गुन्हा

एका बुधवारी आमच्या वजनमाप खात्याचं पथक नाशिकच्या गंगाघाटावरच्या बाजारात गेलं आणि भाजीवाल्या हिराबाईचा तराजू उचलून घेऊन आलं. मी त्या पथकात नव्हतो. मी तोवर निवृत्त झालो होतो. माझी पत्नी सुमती तिथे होती. ती भाजी घ्यायला गेली होती. ती भाजी न घेता घरी आली.

पिशवी खुंटीला अडकवत ती म्हणाली, "अहो, तुमच्या लोकांनी आज हिराबाईला गुन्हेगार केलं."

"कशाबद्दल?"

"तराजूवर यंदाचा शिक्का नाही म्हणून."

"पण ती तराजू वापरतच नाही."

"तेच तर," सुमती म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. सुमती शहरातल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. मुलं ज्या विषयाचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडतात तो विषय तिने आयुष्यभर मनापासून शिकवला. ती गेल्याला आता वर्ष होईल. संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. ती असती तर हा लेख तिने लाल पेनाने तपासला असता आणि निम्मी विशेषणं काढून टाकली असती. शक्य तेवढी मी आधीच काढली आहेत. तिरस्कार मात्र काढता आलेला नाही. तो राहू द्यावा असं तीही म्हणाली असती.

माझं काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगता येतं. दुकानदाराचा तराजू खरा आहे का, हे आम्ही आमच्याकडच्या प्रमाण वजनांशी ताडून पाहायचो. खरा असला तर त्यावर शिक्का मारायचो. पुढच्या वर्षी पुन्हा पाहायचो. शिक्का म्हणजे तराजूच्या अंगाला तारेने बांधलेला शिशाचा गोळा, त्यावर निरीक्षकाचा क्रमांक आणि साल. आमची प्रमाण वजनं पितळेची, मखमलीच्या खणांत ठेवलेली. ती उघड्या बोटांनी धरायची नाहीत, कारण घामालाही वजन असतं. हे मी नव्या माणसांना सांगायचो तेव्हा त्यांना हसू यायचं. मला आजही येत नाही.

लोक विचारायचे, या खात्याची गरज काय? त्यावर सुमतीचं एक उत्तर होतं. ती वर्गात सांगायची, किलो म्हणजे किती हे सरकारने सांगावं. किलोला किती, हे सांगायला सरकार लागत नाही, तिथे दोन माणसं पुरतात. मुलांना ते लगेच कळायचं. कांद्याच्या जिल्ह्यातली मुलं ती. इथे कांद्याचा भाव चढला की सरकारला देशातल्या एकेका स्वयंपाकघराची आठवण येते, आणि उतरला की कोणाचीच येत नाही, हे त्यांनी घरी जेवताना ऐकलेलं असायचं.

सरकारची गरज नाही असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या नोकरीतलं एक प्रकरण सांगतो. चांदवडकडचा एक शेतकरी कार्यालयात आला. कांद्याचा ट्रॅक्टर त्याने घराजवळच्या भुईकाट्यावर तोलला होता. भुईकाटा म्हणजे अख्खी गाडी ज्यावर उभी करतात तो जमिनीतला काटा. तोच ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला की हलका व्हायचा. आम्ही वजनांची गाडी घेऊन गेलो. काटा तंतोतंत. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून पाहिली, तरी तंतोतंत. शेतकऱ्याचं तोंड उतरलं. व्यापाऱ्याने आम्हाला चहा मागवला.

चहा पिताना माझं लक्ष काट्याच्या केबिनमध्ये गेलं. दिवस कडाक्याच्या थंडीचे. आत बसलेल्या माणसाने कानाला मफलर गुंडाळला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. गाडी काट्यावर चढली की तो पंखा लावायचा. गाडी उतरली की बंद करायचा.

मी विचारलं, "पंखा कशाला?"

"साहेब, मशीन तापतं."

"मशीनला पंखा आणि तुम्हाला मफलर?"

आम्ही पंख्याचं बटण उघडलं. त्यातून निघालेली एक तार काट्याच्या मशीनमध्ये जात होती. पंखा लागला की काटा वजन कमी दाखवायचा. शेतकऱ्याने ती तार हातात धरून पाहिली. तो संतापला नाही. तो म्हणाला, "म्हणजे मला भास होत नव्हता तर."

ते वाक्य मला पगारापेक्षा मोठं वाटलं. ट्रॅक्टरभर कांदा डोळ्यांनी तोलता येत नाही. तिथे दुसऱ्याच्या यंत्रावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो, आणि त्या यंत्राच्या मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. ते सरकारचं काम. ते त्याने नीट केलं तर मी उठून उभा राहीन. पण जे काम करायला थंडीत चांदवडला जावं लागतं, त्यापेक्षा जे खुर्चीत बसून करता येतं तेच सरकारला जास्त आवडतं, हे मी आतून पाहिलं आहे.

आमचे वरिष्ठ दाभाडेसाहेब होते. ते एक पैसा खात नसत, हे आधी सांगतो. लाच खाणाऱ्या माणसाला निदान पोट भरल्यावर थांबता येतं. प्रामाणिक अधिकाऱ्याला थांबताच येत नाही. साहेबांच्या टेबलावर एक भिंग असायचं. पाकिटबंद मालावर वजन, भाव, पत्ता वगैरे जे छापतात त्या अक्षरांची उंचीही नियमाने ठरलेली असते. साहेब चिवड्याची पाकिटं मागवून घ्यायचे आणि भिंगाखाली अक्षरं मोजायचे. एकदा एका छोट्या चिवडेवाल्याच्या पाकिटात छापल्यापेक्षा जास्तच चिवडा भरला. अक्षरं मात्र बुटकी निघाली. त्याच्यावर केस झाली. तो बिचारा विचारत होता, "साहेब, गिऱ्हाइकाला जास्त गेलं ना?" साहेब म्हणाले, "ते तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधलं आहे. अक्षर तुमच्या आणि आमच्या मधलं आहे." त्या दिवसांत चांदवडचा तो भुईकाटा नव्या नावाने पुन्हा सुरू झाला होता. तिथे जायला गाडी उपलब्ध नव्हती.

सगळा दोष साहेबांवर टाकता आला असता तर सोपं झालं असतं. पण असे साहेब आभाळातून पडत नाहीत. त्यांना मागणी असते. एक गृहस्थ आमच्याकडे दर काही दिवसांनी यायचे. इस्त्रीचे कपडे, हातात वर्तमानपत्र.

"वडापाव लहान झालाय साहेब."

"वजन लिहिलंय का त्यांनी कुठे?"

"नाही."

"मग खोटं काय सांगितलं?"

"खोटं नाही हो. लहान झालाय. तुम्ही साचा ठरवून द्या. एवढा वडा, एवढा पाव. सगळ्या गाड्यांना सक्ती करा."

"तुम्ही दुसऱ्या गाडीवर का जात नाही? चार पावलांवर आहे."

ते दुखावले. "म्हणजे मीच चालायचं? मग सरकार कशाला आहे?"

सुमतीला हा किस्सा फार आवडायचा. ती म्हणायची, हा माणूस हुकूमशहा होणार नाही, पण जो होईल त्याला पहिला हार हाच घालेल.

आता हिराबाई. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. बुधवारी पहाटेच्या एसटीने डोक्यावर पाटी घेऊन नाशिकला यायची आणि घाटावर ठरलेल्या जागी बसायची. पावसाळ्यात करटुली, कुरडूची भाजी, बांबूचे कोंब. उन्हाळ्यात करवंदं. बाकीच्या दिवसांत परसातला वाल, लसूण, मिरची. सगळं रानातलं किंवा स्वतःच्या अंगणातलं. ते ती वाट्याने विकायची. पळसाच्या पानावर मालाचे छोटे ढीग मांडायचे, प्रत्येक ढिगाचा भाव एकच, तुम्ही हवा तो उचला. यालाच वाटा म्हणतात. वजन नाही, माप नाही.

शहरी माणसाला हे अडाणीपणाचं वाटतं. सुमतीने मला ते शेजारी उभं करून दाखवलं. दोन वाटे कधी सारखे नसतात, त्यामुळे गिऱ्हाईक आधी नीट बघतं. मोठ्या वाट्यात एखादं डागी करटुलं असतं आणि हिराबाई ते मुद्दाम सगळ्यात वर ठेवते. खाली दडवलं असं कोणी म्हणू नये म्हणून. वाटा पसंत पडला की शेजारच्या ढिगातलं एखादं उचलून वर टाकायचं, हा गिऱ्हाइकाचा मान. ऊन चढलं, बाजार विरळ झाला, की दोन वाट्यांचा एक वाटा करायचा. भाव तोच. म्हणजे भाव उतरला, पण कोणी ओरडलं नाही. चांगल्याबरोबर थोडं डागीही जायचं आणि पाटी रिकामी करून ती दुपारच्या गाडीला लागायची.

या सगळ्यात आमच्या खात्याला कुठे बोट घालायला जागा नव्हती. म्हणूनच साहेबांना ते खुपलं.

मी निवृत्त होण्याआधी थोडे महिने त्यांनी मला बोलावलं. "घाटावर त्या बायका वजन न करता माल विकतात. केसेस करा."

मी म्हटलं, "साहेब, ती किती वजन आहे ते सांगतच नाही. जी सांगत नाही ती खोटं कसं सांगेल?"

"मग ग्राहकाला कळणार कसं?"

"समोर दिसतं ना. डोळे आहेत."

"डोळे हे प्रमाणित साधन नाही," साहेब म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हा विनोद नसून धोरण आहे. मी केसेस केल्या नाहीत. निवृत्तीच्या तोंडावरच्या माणसावर कारवाई करायची तर कागद फार करावे लागतात, म्हणून साहेबांनीही विषय सोडून दिला. पण सरकारने तो सोडला नव्हता. काठीने जे झालं नाही ते पुढे भेटवस्तूने झालं.

कुठल्याशा योजनेत आदिवासी विक्रेत्या महिलांना इलेक्ट्रॉनिक तराजू मोफत वाटायचे ठरले. मंडप, हार, ध्वनिक्षेपक. मी तोवर निवृत्त झालो होतो. सुमतीने आग्रह केला म्हणून गेलो. बायका रांगेत उभ्या राहून खोकं घेत होत्या आणि फोटोसाठी पुन्हा उलटं फिरून घेत होत्या. पाहुणे भाषणात म्हणाले, "भगिनींनो, आजपासून बाजारात तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही!" टाळ्या झाल्या. या भगिनी बाजारात विकायला बसतात, त्यांना तराजूने कोण फसवणार होतं, हे व्यासपीठावर कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सुमतीने माझ्या हाताला चिमटा काढला.

शेवटी एका अधिकाऱ्याने बायकांना सूचना दिली. "बाजारात बसताना तराजू समोर ठेवायचा. नाही दिसला तर बसायची जागा जाईल."

हिराबाईने काही बुधवार तो खरोखर वापरून पाहिला. सुमतीने विचारलं, "कसा आहे गं नवा तराजू?"

"काय सांगू बाई. काटा आला तशी लोकं लय हुशार झाली. एकेक करटुलं उचलतात, दाबतात, नाकाला लावतात, ठेवतात. चांगलं चांगलं तोलून नेतात. मागं डागी राहतं ते माझ्या उरावर. घरी नेऊन काय करू, म्हशीला घालू?"

"मग म्हण ना, निवडायचं नाही."

"म्हनते. तर म्हनतात, पैसे वजनाचे घेते ना, मग निवडू दे."

आणि त्यांचं बरोबर होतं. वजन आलं की निवड आली. वाट्यात जो समजूतदारपणा होता, थोडं तुझं थोडं माझं, तो त्या काट्यावर बसेना. दोन माणसांमध्ये जिथे नजर पुरते तिथे तिसरा उभा केला, की ती दोघं एकमेकांकडे बघायची थांबतात आणि तिसऱ्याकडे बघत राहतात. तिसऱ्याला हेच हवं असतं.

पुढे तराजूची बॅटरी उतरली. घाटावर वीज नाही, पाड्यावर ती असली तर असते. हिराबाईने बटणाला हात लावणं सोडून दिलं आणि पुन्हा वाटे मांडले. मात्र मंडपातल्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं की समोर ठेव. म्हणून तिने तो समोरच ठेवला. त्याच्या ताटलीवर पळसाचं पान अंथरून सगळ्यात चांगला वाटा ती तिथे मांडायची.

"उंचावर बरा दिसतो," ती म्हणायची.

आमच्या खात्याच्या सबंध इतिहासात तराजूचा इतका निरुपद्रवी उपयोग कोणी केला नसेल. आणि तोच तिला भोवला. वाटप झाल्याला वर्ष उलटलं. तराजूवरच्या शिक्क्याची मुदत संपली. तो पुन्हा तपासून घ्यायचा असतो हे त्या मंडपात कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम कोणत्या खात्याचं, हे ठरलेलं नव्हतं. पकडायचं काम कोणाचं, हे मात्र ठरलेलं होतं.

तराजू बंद होता, मग गुन्हा कसा, असं वाचकाला वाटेल. कायदा असा आहे की व्यापाराच्या जागी तराजू ठेवलेला असला तर तो वापरात आहे असंच धरायचं. हे कलम वाईट नाही. मनमाडला भंगारवाले खोटा काटा समोर ठेवून "साहेब, हा तर बंदच आहे" म्हणायचे, त्यांच्याविरुद्ध मी स्वतः ते वापरलं आहे. पण कलम वापरताना समोर कोण बसलंय ते बघायचं असतं. ते बघायला डोळे लागतात, आणि त्यांच्याबद्दल साहेबांचं मत मी वर दिलंच आहे.

सुनावणीला हिराबाईबरोबर आम्ही दोघं गेलो. दाभाडेसाहेब खुर्चीतून उठले. "अरे सर, तुम्ही कशाला आलात? एक फोन करायचा!" चहा आला. निवृत्त माणसाला खात्यात चहा नक्की मिळतो.

"काही विशेष नाही," साहेब म्हणाले. "तडजोड करून टाकू. मावशी, कबुलीवर सही करायची, दंड भरायचा, तराजू परत घेऊन जायचा. लगेच होईल."

हिराबाई उभीच होती. "कसली कबुली?"

"गुन्हा केल्याची."

"कोनाला फसवलं मी?"

"फसवलं असं कोणी म्हटलं नाही मावशी."

"मग गुना कसला?"

"यंदाचा शिक्का नव्हता."

"शिक्का कोन मारतं?"

"आम्ही."

"आन् तराजू कोनी दिला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. "सरकारने," ते म्हणाले.

"मग यात मी काय केलं?"

सुमती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "साहेब, तक्रार कोणाची आहे?"

"तक्रार लागत नाही मॅडम. सरकारच फिर्यादी असतं."

"म्हणजे तराजू देणारं सरकार, शिक्का मारायला विसरणारं सरकार, पकडणारं सरकार, फिर्यादी सरकार आणि तडजोड करणारंही सरकारच. मग हिराबाईला कशाला बोलावलंत? तुमचं तुम्ही आपापसांत मिटवून घ्या."

साहेब मनापासून हसले. त्यांना खरंच गंमत वाटली. वाईट माणूस असता तर रागावला असता. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण नियम आहे."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. बाजारातल्या जागांना आता ओळखपत्रं मिळणार होती, आणि ज्याच्यावर प्रकरण चालू आहे त्याला ते मिळणार नव्हतं. हिराबाईने सही केली नाही तर तिची जागा जाणार. ती जागा तिच्या सासूपासून चालत आलेली. कोणी लिहून दिलेली नव्हती आणि कोणी कधी विचारलंही नव्हतं.

सुमतीने पर्स उघडली. हिराबाईने तिचा हात धरला.

"पैशाचं नाय बाई. दंड मी पन भरीन. पन मी लबाड हाय असा कागद नाय करनार. वाटा मांडते तो उघडा मांडते. डागी वर ठेवते. कोनी बी येऊन बघावं."

"लबाड असं लिहिलेलं नाही मावशी," साहेब म्हणाले. "नुसता गुन्हा लिहिलाय."

"आमच्यात त्याला लबाडच म्हनतात," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

व्हरांड्यात सुमतीने तिला खूप समजावलं. कागदाला काही अर्थ नसतो, सही करून टाक, जागा महत्त्वाची, असं सगळं. आयुष्यभर मुलांना कायद्याचा आदर शिकवलेली बाई कागदाला अर्थ नसतो म्हणत होती, आणि कधी शाळेत न गेलेली बाई कागदाला अर्थ असतो म्हणून अडून बसली होती. मी दोघींच्या मध्ये उभा होतो.

त्यानंतर सुमतीने अर्ज केले. वरच्या कार्यालयाला, त्याच्या वरच्या कार्यालयाला, योजनावाल्यांना. मी म्हणायचो, मी या खात्यात आयुष्य काढलं आहे, याने काही होणार नाही. ती म्हणायची, "नीट समजावून सांगितलं की माणसाला समजतं." तिचे अर्ज फार चांगले असायचे. राज्याने काय करावं आणि कुठे थांबावं हे त्यांत इतकं स्वच्छ मांडलेलं असायचं की पाठ्यपुस्तकात घालावं. उत्तरं यायची. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. एका पत्रात तर, आपण ग्राहक म्हणून जागरूकता दाखवल्याबद्दल आभार मानले होते.

मधल्या काळात ती आजारी पडली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "हिराबाई दिसली का बाजारात?"

मी नाही म्हटलं. तिला खोटं चालत नसे.

"मग तुम्ही जाऊन बघा कुठे आहे ती," ती म्हणाली. पौषात ती गेली.

मला जायला पावसाळा उजाडला. पेठच्या गाडीत बसलो. घाट चढून गेल्यावर रस्त्याच्या एका वळणावर काही बायका छत्र्या लावून बसल्या होत्या. त्यांत हिराबाई दिसली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. पळसाची पानं होती, वाटे होते. पिशव्या घेतलेले शहरी लोक गाड्यांतून उतरत होते, वाकून बघत होते, उचलत होते. कोणी वजन विचारत नव्हतं. गुजरातकडे निघालेल्या एका गाडीतल्या बाईने दोन करटुली वर मागून घेतली आणि हसत हसत तिसरंही उचललं.

हिराबाईने मला ओळखलं. "बाई नाय आल्या?"

"बाई गेल्या, हिराबाई. पौषात."

तिने हातातलं पान खाली ठेवलं. तेवढ्यात एक गाडी थांबली. तिने त्यांना वाटा दिला, पैसे घेतले, पदराला बांधले. गाडी निघून गेल्यावर तिने विस्कटलेले वाटे नीट केले.

मग म्हणाली, "बाईचं एक चुकायचं. तिला वाटायचं, सांगितलं की कळतं. पोरांना कळतं. सायबांना कुठं कळतं?"

"मला कळलं की."

"तुमी आता सायेब कुठं राहिलात?" ती म्हणाली.

मी तिला विचारलं, आता सही करून जागा परत मिळते का बघू का, मी येतो बरोबर. तिने मान हलवली. बाजारातल्या तिच्या जागेला आता क्रमांक पडला आहे आणि तिथे एकजण मोबाईलची कव्हरं विकतो, हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. शेजारच्या बाईने तिला काहीतरी विचारलं, ती तिकडे वळली. परतीची गाडी येईपर्यंत मी तिथेच कठड्यावर बसून होतो.

हिराबाईवरचं प्रकरण अजून चालवलेलं नाही आणि मागेही घेतलेलं नाही. दाभाडेसाहेब बढती मिळून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पावसाळा आहे तोवर हिराबाई पेठ रस्त्यावर बसते. उरलेलं वर्ष ती दिंडोरीकडे दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला जाते.